डाव्या मनगटाचे चिटणीस सर

परवाच्या रविवारी पेपराच्या पुरवणीत मकरंद चिटणीस यांच्यावर अख्खं पान आलं. फोटो चेहऱ्याचा नाही, हातांचा. काळ्या पडद्यापुढे म्हातारे पण निगा राखलेले दोन हात, आणि खाली ओळ की या हातांनी देशाला यंत्र हाताळायला शिकवलं. मी ते पान वाचलं, पेपराची घडी केली आणि मोरीत जाऊन चूळ भरली. अतिशयोक्ती करत नाहीये. काही मजकुराची चव तोंडात राहते.

मी पत्रकं लिहिते. द्रोणागिरीच्या गोदामांतून काम करणाऱ्यांची आमची लहानशी संघटना आहे, तिची पत्रकं. एका पानात राग मावला पाहिजे ही आमची शिस्त, कारण शिफ्ट सुटल्यावर बसकडे पळणाऱ्या बाईला दुसरं पान वाचायला वेळ नसतो. या माणसाचं मात्र एका पानात होत नाही. त्यांनी मला कॉलेजात शिकवलं, आणि चांगलं शिकवलं. नालायक मास्तर असता तर दोन शिव्यांत उरकलं असतं. मी त्यांना अजून 'सर' म्हणते, 'ते' म्हणते. जीभ वळत नाही दुसरीकडे. त्याचाही मला राग येतो.

नाव माहीत नसलं तरी सरांची वस्तू तुमच्या हातात येऊन गेलेली आहे. दुकानात कार्ड घासायचं ते चपटं यंत्र, बँकेतल्या काउंटरवरचं सहीचं पॅड, एके काळी घरोघरी आलेला गोल पाठीचा मोबाइल. यंत्राच्या पोटात काय आहे ते इंजिनियर ठरवतात. ते कसं दिसेल, हातात कसं बसेल, बोट आपोआप कुठे जाईल, हे ठरवणारा माणूस म्हणजे चिटणीस सर. त्यांच्या वस्तू सुंदर असायच्या. हे मी नाकारत नाही. नाकारून माझंच हसं होईल.

पहिल्या तासाला ते वर्गात आले ते करड्या कुडत्यात, पायात साध्या चपला, मनगटावर घड्याळ नाही. हजेरी नाही, स्वतःची ओळख नाही. खांदेश्वरहून मी वडिलांचा जुना स्टीलचा डबा घेऊन यायचे, तो बाकावर होता. सरांनी तो उचलला आणि झाकणाच्या कडेवरून अंगठा फिरवला. नुसता अंगठा, सावकाश, पूर्ण गोल. मग म्हणाले, हा डबा ज्याने केला त्याने शेवटच्या दिवशी घाई केलीय, बघ इथे. आणि खरंच तिथे पत्र्याचं एक बारीक कुसळ होतं जे मला इतकी वर्षं कधी लागलं नव्हतं. खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढून त्यांनी ती जागा घासून दिली. एका क्लार्कच्या डब्याला कुणी इतका मान दिलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून मी त्यांची झाले. वर्गातले सगळेच झाले.

तो पॉलिश पेपर त्यांच्या खिशात कायम. टपरीवर चहा पिताना बाकाची कड घासतील, कुणाची किल्ली घासून देतील. आणि स्टिकर. वस्तूवर चिकटवलेलं काहीही त्यांना सहन व्हायचं नाही. सफरचंदावरचं, फ्रिजवरचं, नव्या खुर्चीवरचं, नखाने सोलून काढायचे. सीवूड्सला ते राहायचे त्या टॉवरच्या लिफ्टमधली, एका वेळी किती माणसं चढावीत याची पाटीसुद्धा त्यांनी उचकटली होती. सोसायटीच्या सेक्रेटरीने त्यावर नोटीस लावली, तर सरांनी नोटीसही उतरवली, कारण अक्षरं वाकडी होती. हे आम्ही एकमेकांना कौतुकाने सांगायचो. ती पाटी लोक लिफ्टसकट पडू नयेत म्हणून होती, हा मुद्दा आमच्या हसण्यात कुठे आला नाही.

स्क्रूवर त्यांचा विशेष राग. "स्क्रू म्हणजे डिझायनरने मागितलेली माफी," असं ते म्हणायचे. जे उघडता येतं ते अपुरं आहे, असा त्याचा अर्थ. एका मुलाने विचारलं, मग सर बिघडलं तर दुरुस्त कसं करायचं. सर त्याच्याकडे असं बघत राहिले, जणू त्याने लग्नात जाऊन घटस्फोटाचं विचारलं होतं.

त्यांच्या बेलापूरच्या स्टुडिओत भिंतीला लागून पांढरे चौथरे होते आणि प्रत्येकावर त्यांची एकेक वस्तू, वरून मंद दिवा. एक वस्तू तिथे नव्हती. सर तरुण असताना त्यांनी बस कंडक्टरसाठी तिकिटाचं यंत्र केलं होतं. त्यासाठी म्हणे ते महिनोन्महिने बसमधून उभ्याने फिरले, कंडक्टरांबरोबर डेपोत जेवले. यंत्राच्या मागे एक ठसठशीत स्क्रू होता, नाण्याने उघडेल असा, कारण कागद अडकला तर कंडक्टरने गर्दीत स्क्रूड्रायव्हर आणायचा कुठून. माझ्या मामाने ते यंत्र वर्षानुवर्षं गळ्यात अडकवलंय. तो आजही त्याचं नाव काढतो, बनवणारा कोण हे माहीत नसताना. मी एकदा सरांना हे उत्साहाने सांगितलं. ते कसनुसे झाले. म्हणाले, तेव्हा मी लोकांचं फार ऐकायचो. जणू लहानपणी अंथरूण ओलं करायची सवय होती, तसं.

तेव्हाच मी उठून निघून जायला हवं होतं, असं आज म्हणणं सोपं आहे. पण सर बोलायला लागले की माणूस बसून राहायचा.

'हात शिकतो' हे त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य. वर्गात एक डावखुरी मुलगी होती, तिने त्यांच्या एका कटरबद्दल तक्रार केली की तो डाव्या हातात उलटा बसतो. सर म्हणाले, हात शिकतो. त्यांच्या घरी गेलो की चहा यायचा कान नसलेल्या पातळ कपांतून, तेही त्यांनीच केलेले. कप इतका तापायचा की तो या हातातून त्या हातात नाचवत आम्ही बसायचो, पोरी ओढणीने धरायच्या, आणि सर शांतपणे घोट घेत म्हणायचे, हात शिकतो. त्यांचा शिकला होता. बोटांची टोकं पार बधीर झाली असावीत.

आता यमुनाबाई.

करावे गावातल्या यमुनाबाई म्हणजे सरांची कोळीण. खाडीची मासळी पार आटली तरी त्या रस्त्याच्या कडेला पाटी घेऊन बसतात, काही मुलाच्या बोटीतलं, काही बाजारातून आणलेलं. सर रविवारी टॉवरवरून उतरून त्यांच्याकडे जायचे आणि आम्हाला बरोबर न्यायचे. मासे घ्यायला कमी, बाईंचे हात बघायला जास्त. यमुनाबाई विळीवर सुरमई धरत, मान न वळवता चार जणींशी भांडत, आणि तुकडे एकसारखे पडत. सर म्हणायचे, बघा, ही खरी कारागिरी. यमुनाबाई म्हणायच्या, "सर, फोटू काडून झालं असंल तर पुडं व्हा, गिऱ्हाईक खोलंबलंय."

त्यांची विळी जुनी होती. लाकडी पाट झिजून मध्ये खोल गेलेला, पातं काळं. सरांना ती हवी झाली. त्यांनी बाईंना बदल्यात नवी विळी करून दिली, स्वतःच्या हाताने आखलेली. स्टीलची, हलकी, सांधा दिसणार नाही अशी. जुनी विळी स्टुडिओत चौथऱ्यावर गेली, वर दिवा लागला. येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना सर ती दाखवायचे. इकडे यमुनाबाईंनी नवी विळी चार दिवस वापरली आणि पाटीखाली टेकू म्हणून सारली. मी विचारलं तर म्हणाल्या, "बगायला गोड हाय गो. पन पाटाला वजनच नाय. कापताना मीच सरकतंय." बाजारातून त्यांनी तिसरी आणली. सर रविवारी आले की चमकती विळी पुढे काढून ठेवायच्या, माणसाचं मन मोडू नये म्हणून. सरांना हे कधी कळलं नाही. कळण्यासाठी विचारावं लागतं.

मग सरांनी ते यंत्र केलं ज्याच्यामुळे मी हे लिहितेय.

मनगटाला बांधायचं यंत्र. कंपनीने त्याचं नाव 'साथी' ठेवलं. गोदामातले लोक त्याला जळू म्हणतात. वरच्या बाजूने ते खोक्यावरचा कोड वाचतं, पुढचं खोकं कुठल्या फळीवर आहे ते दाखवतं, आणि खालच्या बाजूने कातडीला चिकटून हात चालतोय की थांबलाय याची नोंद ठेवतं. हात थांबला की थरथरतं आणि वर अक्षरं येतात, 'हात रिकामा'. दिसायला म्हणाल तर नदीतला गोटा. कुठे सांधा नाही, स्क्रू तर नाहीच. डाव्या मनगटाच्या उतारावर ते असं बसतं की जणू हाडच तिथे थोडं वर आलंय. फक्त डाव्या. उजव्या हाताला बांधलं तर त्याचं पोट कातडीला टेकत नाही आणि ते हवेत हात शोधत बसतं.

त्याच्या चाचणीची एक गोष्ट सर वर्गात सांगायचे. रंगवून, दरवर्षी. यंत्र तयार झाल्यावर ते खऱ्या हातावर बघायचं म्हणून ते यमुनाबाईंकडे गेले. आता त्यांच्या घरातली जुनी चाल अशी की लग्नात नवरीच्या उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला वाहायच्या. दर्याने नवऱ्याला सांभाळावं, म्हणून त्याला दिलेल्या. तेव्हापासून उजवा हात मोकळा, आणि डाव्यात हिरवा चुडा, तो नवरा असेपर्यंत उतरायचा नाही. तेव्हा यमुनाबाईंचे यजमान हयात होते. डावं मनगट भरलेलं, म्हणून यंत्र बांधलं उजव्याला. बाई सुरमईचे तुकडे पाडतायत, हात दिसत नाही इतका चालतोय, आणि यंत्रावर अक्षरं आली, हात रिकामा. इथे सर बाईंच्या बोलीची नक्कल करायचे, कमरेवर हात ठेवून: "ह्या डब्याला डोले नाय काय रं?" वर्ग लोळायचा.

बरोबरचा इंजिनियर म्हणाला, सर, उजव्या हाताचाही एक साचा करून घेऊ, फार काम नाही. गोष्टीतला खलनायक हा इंजिनियर होता. सर त्याला काय म्हणाले ते ऐकवण्यासाठीच ही गोष्ट असायची. "दोन साचे म्हणजे दोन वस्तू. मी एकच वस्तू केलीय. हात शिकतो."

आणि टाळ्या. अशा गोष्टींना टाळ्या पडतात.

मी कॉलेज संपवलं, वर्षभर एका ऑफिसात बिस्किटांच्या डब्यांची झाकणं आखली, मग ते सोडून संघटनेत आले. का, ते इथे महत्त्वाचं नाही. एक दिवस यमुनाबाईंचा फोन आला की सुनेला कामावरून काढलंय, जरा बग.

वैशाली, त्यांची सून. मासळीवर दोन बायकांचं भागेना म्हणून ती कंपनीच्या बसने द्रोणागिरीच्या गोदामात जायला लागली होती. नवरा करंज्याच्या बंदरातल्या एका बोटीवर, गेला की आठवडा आठवडा दर्यात. सासूची चाल तिनेही पाळलेली, डाव्यात चुडा. जळू तिने बांगड्यांच्या वर, कोपराकडे सरकवून बांधली होती. तिथे मऊ मांस, जळू घसरते, फिरते. ती खोकी उचलत राहिली आणि जळू 'हात रिकामा' लिहीत राहिली. सुपरवायझरने म्हटलं, बांगड्या काढ. बऱ्याच जणींनी काढल्या होत्या, डब्याच्या पिशवीत ठेवायच्या आणि बसमध्ये परत चढवायच्या. वैशालीने काढल्या नाहीत. एका सकाळी गेटवर कार्ड लावलं तर लाल दिवा. रखवालदार म्हणाला, ताई, आत तुमचं नावच नाय. कुणी काढलं ते सांगायलाही कुणी नव्हतं. यंत्राच्या नोंदीवरून यंत्रानेच काढलं होतं.

एक सांगते, म्हणजे गैरसमज नको. मला बांगड्यांचं प्रेम नाही. आमच्या घरात आजीने त्या स्वतः उतरवून ठेवल्या होत्या आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. संघटनेतही काहींनी म्हटलं की हा चुड्याचा विषय नको, नवऱ्यासाठी बांगड्या हे काय आपलं मागणं आहे का. मी तेच वैशालीला तोंडावर विचारलं. ती म्हणाली, "मला काय त्यांचा सोस नाय ताई. पन काढायच्या तर मी माझ्या मनानं काढीन. नवरा तिकडं दर्यात आनि इकडं मी ते डबडं खूश करायला चुडा उतरवू?"

आम्ही तक्रार केली. कामगार अधिकाऱ्यापुढे सुनावणी लागली. कंपनीचं म्हणणं सरळ होतं: यंत्र बिनचूक आहे, बाई रिकामी बसत होती. आमचं म्हणणं, यंत्र अशा हाताला चुकतं आणि हे करणाऱ्यांना आधीपासून माहीत होतं. यमुनाबाई साक्ष द्यायला तयार होत्या, पण त्या सासू. मी वर्गात ऐकलेलं सांगायला तयार होते, पण मी संघटनेची. माझ्याबरोबर ऐकणारे आता अशाच कंपन्यांत नोकरीला, त्यांचे फोन लागेनात. उरले सर. त्यांनी फक्त त्यांची गोष्ट सांगायची होती, जी ते इतकी वर्षं फुकट सांगत आले होते.

मी सीवूड्सला गेले. दार सरांनीच उघडलं. मला बघून त्यांना मनापासून आनंद झाला, हेही लिहिलं पाहिजे. तेच कप आले. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. वैशाली कोण ते सांगितलं, तर ते म्हणाले, अरे, यमुनाबाईंची सून? आणि हळहळले. वैशालीच्या हाताचा फोटो माझ्या फोनमध्ये होता, कोपराखाली जळूने उमटवलेला लाल व्रण. सरांनी फोन घेतला, फोटो मोठा केला, बराच वेळ पाहिला. मला वाटलं, आता काहीतरी आत हललं. ते म्हणाले, "कड अजून अर्धी बोथट करायला हवी होती. मी म्हणत होतो त्यांना."

फोन मी परत घेतला. मला त्यांची साक्ष हवी होती. मी एवढंच म्हटलं, सर, ती यमुनाबाईंची गोष्ट तिथे सांगा. जशी वर्गात सांगता तशी. नक्कल नाही केलीत तरी चालेल.

"येईन की," ते म्हणाले. "झालं तेच सांगायचंय ना."

बसने परत येताना मी वैशालीला फोन करून सांगितलं की सर येतायत. मागून यमुनाबाईंचा आवाज आला, "मी म्हनलं नवतं? मानूस चांगला हाय."

ते आले. हे खरं आहे, ते आले, वेळेच्या आधी आले. नवा करडा कुडता. सरकारी ऑफिसातल्या त्या खोलीत कंपनीचा वकील, मनुष्यबळ खात्यातली एक बाई, आम्ही तिघी. सर आत आले तसे थेट यमुनाबाईंकडे गेले, दोन्ही हात जोडले, काय म्हणतेय मासळी विचारलं. यमुनाबाईंनी पदर सारखा केला. अधिकारी खुर्चीतून अर्धे उठले. सरांचं नाव त्यांना माहीत होतं.

अधिकारी थकलेले पण सभ्य गृहस्थ होते. त्यांनी नीट विचारलं. यंत्र टेबलावर होतं. सरांनी ते उचलून तळहातावर घेतलं आणि ते कसं सुचलं ते सांगायला लागले. कशी नदी, कसा गोटा, कसं मनगट. खोलीतला पंखा कुरकुरत होता आणि सगळे ऐकत होते. टायपिस्टसुद्धा थांबला. मग अधिकाऱ्यांनी विचारलं की डाव्या हातात बांगड्या असलेल्या कुणा बाईवर हे वापरून पाहिलं होतं का, आणि तेव्हा काही चूक दिसली होती का.

सर म्हणाले, "चाचण्या पुष्कळ झाल्या. एकेक हात आठवत नाही मला."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. या माणसाला माझ्या बापाच्या डब्याचं कुसळ आठवायचं. भेटलो की विचारायचे, ती जागा परत खरबरीत झाली का.

यमुनाबाईंना आम्ही बजावलं होतं की विचारल्याशिवाय बोलायचं नाही. त्या बोलल्या. "सर, असं काय करता? माजाच हात व्हता. सुरमय कापत व्हते मी. तुमी किती हसलाव."

सर त्यांच्याकडे वळले. चेहऱ्यावर माया होती, मी शपथेवर सांगते, खरी माया होती. मग अधिकाऱ्यांना म्हणाले, "यमुनाबाई माझ्या फार जुन्या स्नेही आहेत. आता वय झालंय त्यांचं."

यमुनाबाईंनी उजवा हात मांडीवर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसल्या.

बाहेर जिन्यावर मी सरांना गाठलं. ओरडायचं ठरवलं होतं. विचारलं फक्त, का. त्यांना पैशाची भीती नव्हती, कंपनीची नव्हती. म्हातारपणी एवढ्या मोठ्या माणसाला कोण काय करणार.

"वर्गात ती गोष्ट ठीक आहे, प्रज्ञा," ते म्हणाले. "इथे सांगितली असती तर ती वस्तू गुन्हेगार ठरली असती. कागदोपत्री, कायमची. वस्तूचा काय दोष?"

"आणि वैशालीचा?"

त्यांनी खरंच विचार केला. खालच्या मजल्यावर कुणीतरी ठक ठक स्टँप मारत होतं. ते म्हणाले, "तिने थोडं शिकून घ्यायला हवं होतं."

त्याच दिवशी कंपनीने मोठेपणा दाखवला. डावं मनगट मोकळं ठेवणार असेल तर बाईला परत घेऊ, असं लिहून पुढे केलं. वैशालीने ते वाचलं, वकिलाला परत दिलं आणि चहा प्यायला चला म्हणाली. निकाल अजून यायचाय. ती आता सासूच्या शेजारी पाटी घेऊन बसते. दोघींपुरती मासळी नसतेच, म्हणून दुपारनंतर एका सोसायटीत दोन घरची धुणीभांडी. चुडा आहे.

मी पत्रक लिहिलं. नाव घेऊन लिहिलं. मकरंद चिटणीस यांना माहीत होतं, हे मोठ्या अक्षरात, आणि खाली यमुनाबाईंच्या पाटीपासून सुनावणीच्या खोलीपर्यंत सगळं. एका पानात बसवायचं म्हणून अक्षर बारीक केलं, ओळी एकमेकींना चिकटल्या. गोदामाच्या गेटवर वाटलं, स्टेशनांवर वाटलं.

आणि गेल्या आठवड्यात, सकाळच्या वेळी, वाशीच्या हॉलबाहेर वाटलं. आत सरांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन होतं. वैशाली माझ्याबरोबर होती. लोक कागद घेत होते, दोन पावलांवर टाकत होते. उद्घाटन उरकून सरांची गाडी बाहेर आली ती आमच्यापाशी हळू झाली. काच खाली गेली. सर थकलेले दिसले, मानेवरची कातडी सैल झालेली. त्यांनी हात पुढे केला. मी पत्रक दिलं.

मला वाटलं, ते फाडतील. किंवा नाव वाचून काच वर करतील. काहीतरी होईल. ते मागे टेकले, चष्मा लावला आणि वाचायला लागले. मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. ड्रायव्हर आरशातून बघत होता. सर वरून खालपर्यंत गेले, पान उलटून मागे काही आहे का ते पाहिलं, परत पुढे आले. मग चष्मा काढला आणि खिडकीतून जरा बाहेर वाकले. मी पहिल्या बाकावर बसायचे तेव्हा माझ्याशी बोलायचे, अगदी त्या आवाजात, हळू आणि जिव्हाळ्याने.

"ओळी फार दाटल्यात, प्रज्ञा. थोडी हवा खेळू दे मधून. डोळा दमतो."

पत्रकाची त्यांनी घडी घातली, काठाला काठ जुळवून, आणि कुडत्याच्या खिशात ठेवली. काच वर गेली. गाडी पाम बीचच्या दिशेने वळेपर्यंत आम्ही दोघी बघत उभ्या होतो.

"काय म्हनला?" वैशालीने विचारलं.

मी सांगितलं. तिला आधी कळलंच नाही, मी परत सांगितलं. ती हातातल्या गठ्ठ्याकडे बघत राहिली, जिथे दर पानावर तिचं नाव होतं.

"वाचलं तरी का त्यानं?"

"वाचलं," मी म्हटलं. "सगळं वाचलं."